धाप (धूम्रपान व श्वसनसंसर्गजन्य)

धाप म्हणजे श्वास अपुरा पडत असल्याची जाणीव. खानदेशातील रुग्ण अहिराणीत ‘दम लागस’ एवढेच सांगतो आणि त्या दोन शब्दांत रक्तक्षयापासून हृदयविकारापर्यंत काहीही दडलेले असू शकते; प्रस्तुत नोंदीत धूर आणि संसर्ग यांमुळे लागणाऱ्या धापेचाच विचार केला आहे.

श्वासनलिकांच्या अस्तरावर रोमक, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, असतात. श्लेष्म्यात, म्हणजे अस्तरावरील चिकट स्रावात, अडकलेली धूळ व जंतू ते अखंड घशाकडे लोटत असतात. बिडीच्या धुराने त्यांची हालचाल मंदावते, पुढे ते झडू लागतात आणि त्याच वेळी श्लेष्मा मात्र वाढतो. रात्रभर धूर न मिळाल्याने उरलेले रोमक थोडे सावरतात व साचलेला कफ पहाटे वर येतो. त्याचे श्रेय दिवसाच्या पहिल्या बिडीला देण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. टेंभुर्णीच्या पानाची बिडी लवकर विझते, म्हणून ती सिगारेटपेक्षा जोराने व वारंवार ओढावी लागते आणि धूर खोलवर जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे रक्तातील ऑक्सिजनवाहक हीमोग्लोबिनला चिकटतो.

अशा अस्वच्छ राहिलेल्या नलिकांत जंतूंना ठाण मांडणे सोपे जाते. संसर्गाने अस्तर सुजते. प्रवाह संथ असताना नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा विरोध १६ पट वाढतो. लहान मुलांच्या नलिका मुळातच अरुंद असल्याने साध्या सर्दीतही त्यांची छाती वाजते. न्यूमोनियात वायुकोशांत (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) द्रव भरतो; निरोगी फुप्फुसातून तो बहुधा पूर्ण ओसरतो. क्षयाचे तसे नाही. औषधांनी जंतू मेले, तरी व्रण आणि आकसलेला भाग मागे राहू शकतो, त्यामुळे ‘टीबी बरा झाला, पण दम गेला नाही’ ही तक्रार खरी असते. धूम्रपान करणाऱ्यास क्षय होण्याचा धोकाही सुमारे दुप्पट असतो.

ही हानी श्वासमापकाने मोजतात. इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा वाटा, नलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, ७० टक्क्यांहून कमी भरला, तर दीर्घकालीन अडथळा मानतात. तरुणपणानंतर ही पहिल्या सेकंदातील हवा दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटतच असते; धुराला बळी पडणाऱ्यांत ही घट सुमारे दुप्पट होऊ शकते. बिडी सोडल्यावर गेलेली क्षमता फारशी परतत नाही, पण घसरणीचा वेग धूम्रपान न करणाऱ्यांइतका होतो. ब्रिटिश संशोधक फ्लेचर व पीटो यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिले.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत मात्र केवळ बिडीवर बोट ठेवून भागत नाही. २०१६–१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आयुष्यात बिडी न शिवलेल्या बाईलाही धाप लागते, ती चुलीमुळे. वेचणी संपली की कपाशीच्या पऱ्हाट्या सरपणासाठी घरी येतात. भरिताची वांगी त्यांवर भाजतात ती बहुधा उघड्यावर आणि थोडा वेळ. त्याच काड्या धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे जळतात, तेव्हा नलिकांवर होणारा परिणाम बिडीच्या जातीचाच असतो.

थंडीत साधा सर्दी-पडशाचा विषाणूही अशा फुप्फुसांना पुरतो. कफ वाढून पिवळा-हिरवा होतो, रात्री आडवे होता येत नाही, आणि असा प्रत्येक झटका काही क्षमता कायमची घेऊन जाऊ शकतो; म्हणूनच अशा रुग्णांना इन्फ्लुएन्झा व न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसी सुचवतात. ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणारा म्हातारा हे कोणाकडून शिकलेला नसतो. अरुंद केलेल्या ओठांमुळे नलिकांत हवेचा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा थोडी अधिक बाहेर पडते.