झाकणाखालची साय

ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय दिसली, की मालकाच्या पोटात गोळा येतो: हेड गॅस्केट (इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये जाऊ न देणारं सील) गेलं! बहुतेक वेळा ते शाबूत असतं. ती साय म्हणजे ऑइलमध्ये घुसळलेलं पाणी, आणि ते रेडिएटरमधून नाही, पेट्रोलमधून आलेलं असतं.

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि वाफ होते. हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बरंचसं सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. सकाळी गाडी चालू केल्यावर नळीतून टपकणारे थेंब तेच. पण इंजिन कितीही नवं असो, पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल असलेल्या भागात, उतरतोच. जळालेल्या वायूतली वाफ साधारण ५० अंशांच्या आसपास थेंब धरू लागते. थंड धातूला लागली की ती तिथेच बसते, आणि झाकणाचा भाग सगळ्यात उशिरा तापत असल्यामुळे साय आधी तिथे धरते. वरणाच्या पातेल्यावरच्या ताटलीला खालून पाणी सुटतं, तसंच.

नुसत्या पाण्यावर भागलं असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइल पातळ करतं. ज्वलनात तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात मिसळून आम्ल होतं, आणि ते निष्प्रभ करण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं खर्ची पडतात. गाडी वर्षात हजार किलोमीटरच चालली तरी ऑइल वर्षाला बदलावं लागतं, ते यामुळे.

म्हणूनच बेसमेंटमध्ये झाकून ठेवलेली गाडी दर रविवारी 'पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवायची' ही सवय गाडीचं भलं करत नाही. स्लोवर पेट्रोल कमी जळतं, उष्णताही कमी मिळते. पाणी तयार होतं, पण ते उडून जाईल इतकं ऑइल तापत नाही. सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी तो आतून गंजवतं. स्टार्टरने ओढलेली वीजही एवढ्या वेळात धड भरून निघत नाही. बॅटरीची काळजी असेल तर मेन्टेनर चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा ३०-४० मिनिटं गाडी रस्त्यावर काढा. ऑइल ९० अंशांच्या वर जाऊन तिथे वीसेक मिनिटं राहिलं, की पाणी वाफ होऊन पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणाऱ्या झडपेतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढलं जातं आणि जळालेल्या वायूबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर पडतं.

आता गाडी तापवायची कशी, ते एका इंजिनवर पाहू. ई४६ मालिकेतल्या बीएमडब्ल्यू एम३चं ३.२ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तितके फेरे) फिरतं. पिस्टनचा स्ट्रोक ९१ मिलिमीटर, म्हणजे त्या वेगाला पिस्टन सेकंदाला सरासरी २४ मीटर धावतो. त्याला १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल लागतं. १०० अंशांना त्याचा दाटपणा साधारण २३ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ४० अंशांना १६०च्या घरात, जवळपास सातपट. सकाळच्या गारव्यात त्याहून कितीतरी जास्त. असं ऑइल बारीक वाटांतून सहज जात नाही. पंपावर दाब वाढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंच ऑइल बेअरिंगकडे न जाता मागे वळतं. ऑइल प्रेशरचा काटा वर दिसला म्हणून खूश होणाऱ्यांची इथेच फसगत होते: दाब भरपूर, पुरवठा तोकडा. फिल्टरचा बायपास उघडला तर काही ऑइल न गाळताच फिरतं, ते वेगळंच. शिवाय ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यामुळे थंड असताना पिस्टन अजून सैल असतो.

या गाडीच्या टॅकोमीटरवर (आरपीएम दाखवणाऱ्या डायलवर) म्हणूनच नारिंगी दिवे आहेत. ऑइल तापत जाईल तसतसे ते एकेक करून विझतात आणि आरपीएमची मर्यादा वर सरकते. ऑइलच्या तापमानाचा काटाही टॅकोमीटरमध्येच आहे. पाहायचा तो. कूलंटचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तो मध्यावर येऊन बसला तरी ऑइल बरंच मागे असतं.

चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, लगेच निघा. उभ्या गाडीला रेस करू नका. पहिली १०-१५ मिनिटं २,५०० ते ३,००० आरपीएमच्या आत, ॲक्सिलरेटर निम्म्याहून कमी. पण टॉप गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर ओढतही बसू नका. कमी आरपीएमवर जास्त भार बेअरिंगला जास्त जाचतो. ऑइल ८० अंशांवर आलं की हळूहळू वर जा. गिअरबॉक्सचं ऑइल त्याच्याही मागे असतं, म्हणून दुसरा गिअर अडत असेल तर जोर लावू नका.

आणि ती साय? फडक्याने पुसून घ्या, ४०-५० किलोमीटर सलग चालवा, पुन्हा पाहा. नाहीशी झाली किंवा नावापुरती उरली, तर विषय संपला. पण ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या टोकाला लागलेलं ऑइलही दुधाच्या कॉफीसारखं दिसत असेल, कूलंट सारखं कमी होत असेल, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय खरा. मग इंजिन पुन्हा चालू करू नका, गाडी टो करूनच गॅरेजला न्या.