लोकशाही देश आपसांत सहसा का लढत नाहीत?

दोन प्रस्थापित लोकशाही देशांमध्ये युद्ध झाल्याची उदाहरणे इतकी विरळ आहेत, की आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात नियमाच्या इतके जवळ जाणारे निरीक्षण क्वचितच आढळते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये त्याचे कारण सुचवले होते: युद्धाचा खर्च आणि हाल ज्यांच्या वाट्याला येतात त्यांचीच संमती लागत असेल, तर त्या फंदात पडण्यापूर्वी ते पुष्कळ विचार करतील. पण एवढ्याने भागत नाही, कारण हेच देश हुकूमशाही राजवटींशी वारंवार लढले आहेत. २००३ मध्ये इराकवर चढाई करणाऱ्या अमेरिका आणि ब्रिटनमध्येही मतदार होतेच.

मला अधिक पटते ते उघडपणाचे स्पष्टीकरण. हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, तेव्हा त्याची अडचण साऱ्या शहराला दिसते: मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवलेले असतात, सभागृहात पुरवणी मागण्यांवरून जाब विचारला जातो, आणि मंत्र्याने तिथे दिलेले आश्वासन कामकाजात नोंदले जात असल्याने त्याला ते सहजासहजी झटकता येत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन यांनी १९९४ मध्ये परराष्ट्र धोरणाबाबत असाच युक्तिवाद केला. जाहीर इशारा देऊन माघार घेणाऱ्या नेत्याला घरीच किंमत मोजावी लागते, म्हणून त्याचा इशारा पोकळ नाही हे प्रतिपक्षाला उमगते आणि तोफा डागण्याआधीच तडजोडीला वाव मिळतो. आजच्या दक्षिण सुदानमधील फाशोदा येथे १८९८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या तुकड्या समोरासमोर आल्या, तेव्हा लंडनमधील विरोधी पक्षाचे नेतेही सरकारच्या पाठीशी असल्याचे पॅरिसला दिसत होते. फ्रान्सने माघार घेतली. अर्थात ब्रिटिश आरमार वरचढ होते, हेही त्यामागे होतेच.

आक्षेपही आहेत. शीतयुद्धाच्या काळात बहुतेक लोकशाही देश सोव्हिएत संघाविरुद्ध एकाच गोटात होते, तेव्हा त्यांच्यातील शांततेचे श्रेय राज्यपद्धतीला द्यायचे की समान शत्रूला, हे ठरवणे अवघड आहे.

कारगिलचा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. १९९९ मध्ये दोन्हीकडे निवडून आलेली सरकारे होती, फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला गेले होते, तरीही त्यानंतरच्या संघर्षात भारताचे ५२७ जवान हुतात्मा झाले. केवळ अपवाद म्हणून ही घटना बाजूला ठेवणे सोयीचे असले, तरी योग्य नाही. घुसखोरीची आखणी पाकिस्तानी लष्कराच्या मोजक्या सेनाधिकाऱ्यांनी केली होती, तिच्यावर तिथल्या संसदेत चर्चा झालेली नव्हती, आणि त्याच ऑक्टोबरात लष्करप्रमुख मुशर्रफ यांनी निवडून आलेले सरकार उलथवले. निवडणुका होतात, पण लष्कराला जाब विचारणाऱ्या संस्था अजून कच्च्या असतात, अशा संक्रमणातील देशांत युद्धाचा धोका उलट वाढतो, असा निष्कर्ष राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड मॅन्सफील्ड आणि जॅक स्नायडर यांनी १९९५ मध्येच मांडला होता.