उझबेक ओळखीची, आर्मेनियन नात्यातली

उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद, तिथल्या बाजारात मराठी माणसाने कान उघडे ठेवले, तर बरेच शब्द त्याला ओळखीचे वाटतील. बाजार म्हणजे ‘बॉझॉर’, पुस्तक म्हणजे ‘कितॉब’, आकाश म्हणजे ‘ऑस्मॉन’. दोस्त तर दोस्तच. कॅस्पियन समुद्रापलीकडे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये मात्र मित्राला ‘अंकेर’ म्हणतात, पावाला ‘हात्स’ आणि दोनला ‘येर्कू’. तिथे कानाला धरायला काही सापडत नाही. तरीही मराठीच्या कुळातली भाषा आहे ती आर्मेनियनच. उझबेकशी मराठीचं जन्माचं नातं अजिबात नाही.

उझबेक ही तुर्की कुळातली भाषा. वर दिलेले शब्द तिने फारसीतून घेतले. काही मुळात अरबी, पण तेही बहुतेक फारसीमार्गेच आले. मराठीनेही ते तिथूनच उचलले. म्हणजे दोघींनी एकाच दुकानातून खरेदी केली, एवढीच ही ओळख.

आर्मेनियन ही मराठीसारखीच इंडो-युरोपीय कुळातली, पण त्या कुळात तिची फांदी स्वतंत्र आहे आणि त्या फांदीवर ती एकटीच आहे. हे कळायलाही वेळ लागला. तिच्यात इराणी शब्द इतके आहेत, की एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक तिला इराणी भाषाच समजत होते. इ.स. 428 पर्यंत आर्मेनियावर पार्थियन, म्हणजे इराणी वंशाचं अर्साकी घराणं राज्य करत होतं, त्या काळातली ही भर. 1875 मध्ये हाइनरिश ह्युब्शमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने घेतलेले शब्द आणि वारशाने आलेले शब्द वेगळे काढले. दोन्ही गटांत ध्वनी बदलण्याचे नियम निरनिराळे आहेत, हे त्याने दाखवलं आणि प्रश्न निकालात निघाला.

हे नियम पाहण्यासारखे आहेत. कुळाच्या मूळ भाषेतला ‘प’ आर्मेनियनमध्ये बऱ्याचदा ‘ह’ होतो: पितृचा ‘हायर’, पंचचा ‘हिंग’. ‘द’चा ‘त’ होतो, म्हणून दश म्हणजे ‘तास’. ‘ग’चा ‘क’ होतो, म्हणून गाय म्हणजे ‘कोव’. घराला ‘तुन’ म्हणतात. वेदातला ‘दम’ म्हणजे घर, हाही त्याच मुळातला, आणि आपल्या ‘दंपती’त तो अजून शिल्लक आहे.

पण खरी कमाल ‘येर्कू’ची. हा शब्द आणि संस्कृत ‘द्व’ एकच आहेत, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. मूळच्या ‘द्व’चा आर्मेनियनमध्ये ‘र्क’ झाला आणि पुढे उच्चारासाठी एक स्वर लागला. एकाच शब्दावर असा नियम उभा केला तर तो खेचाखेच वाटेल. पण ‘येर्कार’ म्हणजे लांब, आणि हा शब्द आपल्या ‘दूर’च्याच मुळातला आहे. आंत्वान मेये या फ्रेंच अभ्यासकाने अशाच जोड्यांवरून हा नियम मांडला.

आता उलटी गंमत. सातला उझबेकमध्ये ‘येत्ती’ म्हणतात आणि आर्मेनियनमध्ये ‘योत’. शेजारी ठेवले तर भावंडं वाटावीत, पण हा निव्वळ योगायोग. ‘योत’ हा आपल्या ‘सप्त’चा भाऊ. सुरुवातीचा ‘स’ गळाला, ‘प’ विरघळला, आणि उरलं ते इतकंच. म्हणून शब्दांच्या नुसत्या दिसण्यावरून भाषांची सोयरीक जुळवणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. तसे मेसेज समाजमाध्यमांवर रोज फिरत असतात.

रचनेकडे वळलं, की चित्र आणखी गुंततं. उझबेकमध्ये घराला ‘उय’ म्हणतात. ‘उय-लार-इमिझ-दान’ म्हणजे घर, अनेक, आमची, पासून: आमच्या घरांपासून. प्रत्येक अर्थाला एक तुकडा, आणि तुकडे एकापुढे एक. जुनी आर्मेनियन अशी नव्हती. तिथे ‘तुन’ची षष्ठी ‘तान’ आणि तृतीया ‘तांब’ व्हायची, म्हणजे आपल्या संस्कृतच्या रूपावलीसारखी पाठ करायची डोकेदुखी. आजच्या पूर्व आर्मेनियनमध्ये (येरेवानमध्ये बोलतात ती) मात्र ‘त्न-एर-इत्स’ म्हणजे घरांपासून: आधी अनेकवचन, मग विभक्ती, अगदी तुर्की पद्धतीने. तुर्की आणि अझरबैजानी भाषकांच्या शेजारात काढलेली शतकं यामागे असावीत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

लिंगाच्या बाबतीत तर दोघी एकाच बाजूला उभ्या आहेत. उझबेकमध्ये ‘उ’ म्हणजे तो, ती आणि तेही. आर्मेनियनमध्ये ‘ना’ तसाच. उझबेकला व्याकरणातलं लिंग नाहीच. आर्मेनियनने ते लिहिती होण्याआधीच टाकून दिलं. तीन लिंगं सांभाळत बसलो ते आपण.

वाक्य घेतलं तर उझबेक पुन्हा आपल्याजवळ येते. ‘केचा केल्गान ऑदाम’ म्हणजे ‘काल आलेला माणूस’, शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. क्रियापद शेवटी, विभक्ती नामामागे. मराठी माणसाला या दोघींपैकी उझबेक लवकर येईल, याबद्दल मला शंका नाही.

अडेल ते लिपीपाशी. आर्मेनियन लिपी इ.स. 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स याने बनवली. तेव्हा अक्षरं 36 होती, मध्ययुगात दोन वाढली. सोव्हिएत काळात स्पेलिंग बदललं, लिपी टिकली. उझबेकच्या नशिबी हे नव्हतं. 1920 च्या दशकापर्यंत अरबी, मग लॅटिन, 1940 पासून सिरिलिक (रशियन लिहितात ती लिपी), आणि 1993 च्या कायद्याने पुन्हा लॅटिन, पण सिरिलिक अजून सुटलेली नाही. पंधराव्या शतकात अलीशेर नवाई या कवीने आपली तुर्की भाषा, म्हणजे आजच्या उझबेकची पूर्वज, फारसीपेक्षा कमी नाही, उलट सरसच आहे, हे पटवण्यासाठी 1499 मध्ये एक आख्खा ग्रंथ लिहिला. तो मूळ लिपीत वाचायचा तर आजच्या उझबेक विद्यार्थ्याला अरबी अक्षरं वेगळी शिकावी लागतात. आर्मेनियन भाषेतलं पहिलं नियतकालिक ‘अझ्दारार’ 1794 मध्ये निघालं, तेही आपल्या मद्रासमध्ये. त्यातली अक्षरं येरेवानमधलं शाळकरी पोर आजही ओळखतं.