सोशल बुकमार्किंग: यादी आपली, साइट दुसऱ्याची

ब्राउझरमधले बुकमार्क एकेकाळी एकाच संगणकात अडकून पडायचे. प्रयोगशाळेत जतन केलेला दुवा घरी मिळत नसे. या याद्या वेबवर, इतरांनाही दिसतील अशा ठेवणे म्हणजे सोशल बुकमार्किंग. याद्या वेबवर ठेवण्याची सोय इटलिस्ट या साइटने १९९६ मध्येच दिली होती, पण ही पद्धत रुळली ती जोशुआ शाक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या साइटमुळे. तिथे फोल्डर नव्हते, फक्त टॅग, म्हणजे दुव्याला आपणच लावलेले विषयशब्द होते. एका दुव्याला पाच टॅग लावले की तो पाचही ठिकाणी सापडे, आणि तोच दुवा आणखी कोणी, कोणत्या टॅगखाली ठेवलाय तेही दिसे. संशोधकाला खरा फायदा या दुसऱ्या गोष्टीचा झाला: विषय शोधता शोधता त्यावर काम करणारी माणसे सापडू लागली.

वर्षभरात खास संशोधनासाठीची साधने आली. नोव्हेंबर २००४ मध्ये रिचर्ड कॅमरन यांचे साइटयूलाइक, पुढच्याच महिन्यात नेचर पब्लिशिंग ग्रुपचे कनोटिया. शोधनिबंधाचे पान उघडे असताना क्लिक केले की लेखक, नियतकालिक, वर्ष आपोआप भरले जाई. पुढे जर्मनीतल्या कासेल विद्यापीठातून बिबसोनॉमी आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पेनटॅग्जमधून कॅटलॉगातल्या पुस्तकांनाही टॅग लावू दिले. २००६ मध्ये आलेल्या डीगोने पानावरच मजकूर रंगवण्याची आणि गटात टिपणे लिहिण्याची सोय केली, म्हणून शिक्षक तिकडे वळले.

नियंत्रण नसताना टॅगांचा गोंधळ कसा होत नाही, हे स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनी डिलिशसच्या नोंदींवरून दाखवले. साधारण शंभरेक जणांनी दुवा जतन केला की त्यावरच्या टॅगांचे आपसातले प्रमाण स्थिरावते. वर्गात हे घडत नाही, कारण चाळीस विद्यार्थ्यांपैकी एकाच दुव्यावर येतात जेमतेम दोघे-तिघे. 'प्रदूषण', 'जलप्रदूषण', 'पाणी-प्रदूषण' असे तीन कप्पे होतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. त्यात डिलिशस स्पेसवर टॅग तोडायचे. 'हवामान बदल' लिहिले की 'हवामान' आणि 'बदल' असे दोन टॅग. म्हणून दहा-पंधरा टॅग आधीच ठरवून द्यावेत, जोडशब्दांत हायफन घालावा, आणि प्रत्येक नोंदीला विषयाचा कोड व वर्ष असलेला एक टॅग सक्तीचा करावा. नुसता 'अर्थशास्त्र' टॅग जगभरच्या नोंदींत मिसळून जातो. दुवा का ठेवला हे दोन वाक्यांत लिहायला लावावे, नाहीतर मुले न वाचताच दुव्यांचा ढीग लावतात.

आणखी एक नेहमीची चूक: ग्रंथालयाच्या लॉगिनमधून निबंध उघडायचा आणि ॲड्रेस बारमधला पत्ता तसाच जतन करायचा. त्या पत्त्यात संस्थेचा प्रॉक्सी, म्हणजे फक्त सभासदांना आत सोडणारा मधला सर्व्हर असतो. बाहेरच्या सहकाऱ्याला तो उघडत नाही. त्याऐवजी डीओआयचा, म्हणजे निबंधाच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकाचा दुवा ठेवावा.

यातली बरीच साधने मात्र टिकली नाहीत. जानेवारी २००९ मध्ये मॅग्नोलिया या बुकमार्किंग साइटचा सुमारे अर्ध्या टेराबाइटचा डेटाबेस बिघडला, बॅकअप कामी आला नाही आणि सेवा बसली. डिलिशस २००५ मध्ये याहूने घेतले, २०११ मध्ये विकले, आणि हात बदलत ते २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्किंग साइटकडे जाऊन फक्त वाचण्यापुरते उरले. कनोटिया २०१३ मध्ये, साइटयूलाइक २०१९ मध्ये बंद पडले. संदर्भ सांभाळण्याचे काम तोवर झोटेरो आणि मेंडेले या सॉफ्टवेअरकडे गेले होते. झोटेरोत गट आणि टॅग दोन्ही आहेत, पण अनोळखी वाचकांच्या याद्या चाळण्याची ती जुनी मजा नाही.

आपली यादी फाइल म्हणून बाहेर काढली (एक्स्पोर्ट) की ती बहुतेक ठिकाणी नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातल्या एचटीएमएल रचनेत मिळते: पत्ता, शीर्षक, जतन केल्याची वेळ, टॅग. ही वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत असते, त्यामुळे तो दहा आकडी अंक पाहून गोंधळू नये. ही फाइल ब्राउझरमध्ये आयात करताना क्रोम टॅग टाकून देतो. फायरफॉक्स ते घेतो. रंगवलेला मजकूर आणि गटातली चर्चा या फाइलीत येत नाही. सत्र संपताच हे दोन्ही वेगळे उतरवून घ्यावे, कारण विद्यार्थ्यांची खाती बंद झाली की ते मिळवायला वाट उरत नाही.