‘विषम’ या विशेषणाची पार्श्वभूमी

दोन बाजू जुळत नसलेल्या आकृतीला पाठ्यपुस्तकात आज ‘असममित’ म्हणतात. हा घडवलेला शब्द वर्गाबाहेर फारसा पडत नाही. बोलण्यात आणि वृत्तपत्रात ते काम ‘विषम’कडेच आहे. त्यातला ‘ष’ पाहून अनेकांना विष आठवते, पण मूळ शब्द ‘सम’च, ‘वि’ आधी लागल्याने ‘स’चा ‘ष’ झाला, ‘विषाद’मध्ये होतो तसा.

संस्कृतात विषम म्हणजे उंचसखल, अवघड. गीतेतले ‘विषमे समुपस्थितम्’ हे अडचणीच्या वेळेबद्दल आहे. छंदशास्त्रात चारही चरणांची मापे वेगवेगळी असली की ते विषमवृत्त.

खरा गुंता तापाचा आहे. आयुर्वेदात हे विशेषण बहुधा अनियमितपणा दाखवते. कधी नीट पचते, कधी नाही, तो विषमाग्नी. अवेळी किंवा कमीजास्त खाणे म्हणजे विषमाशन. त्याच चालीवर, येतो-जातो असा ताप म्हणजे विषमज्वर. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक. तृतीयक एक दिवस सोडून येतो, चतुर्थक दोन दिवस सोडून. मलेरियाच्या दोन जातींच्या जंतूंमुळे ताप साधारण ४८ आणि ७२ तासांनी उलटतो, हे लक्षात घेतले तर वर्णन कुठल्या रोगाकडे बोट दाखवते ते कळते. तरीही मराठीत विषमज्वर हे नाव टायफॉइडला चिकटले आणि मलेरिया ‘हिवताप’ झाला. टायफॉइडचा ताप पहिल्या आठवड्यात पायरीपायरीने चढतो आणि उपचार नसतील तर आठवडेच्या आठवडे राहतो. पाळी धरून येण्याचा गुण त्यात नाही. लोकांनी त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हटले, ते कितीतरी नेमके. एक रोग डासामुळे पसरतो, दुसरा दूषित पाण्या-अन्नातून. जुन्या ग्रंथातला विषमज्वर टायफॉइड समजून वाचला तर अर्थच उलटा होतो. हिंदीत हाच शब्द मलेरियासाठीही चालतो, त्यामुळे अनुवाद करणाऱ्याने तर फारच जपायला हवे. मराठीत टायफॉइडसाठी या नावाची निवड चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणितात असा घोळ नाही: विषम संख्या, विषमभुज त्रिकोण. भूगोलात कोकणचे हवामान सम आणि विदर्भाचे विषम. शहरांत पार्किंगच्या पाट्यांवर सम-विषम तारखा पूर्वीपासून आहेत. जून २०२० मध्ये टाळेबंदी सैल होताना राज्यातल्या बाजारपेठांत रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला उघडू लागली.

नाम मात्र वेगळ्या वाटेने गेले. ‘विषमता’ म्हटले की आता संख्या किंवा हवामान कुणालाच आठवत नाही. संविधान सभेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा अंतर्विरोध सांगणारे, मराठीत याच शब्दाने वाचले जाते. जात, जमीन, मजुरी यांबद्दल बोलताना हे नाम नुसता फरक दाखवत नाही, अन्याय दाखवते, आणि त्या अर्थी ‘असममितता’ कुणीही वापरत नाही.