११२ वरच्या कॉलचं रेकॉर्डिंग 'गोपनीय' असतं?

'पोलीस कंट्रोल रूमचं रेकॉर्डिंग गोपनीय, ते फक्त कोर्टालाच मिळतं,' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर येतो. म्हणजे ११२ वर केलेला कॉल, त्याची वेळ, गाडी कधी निघाली याच्या नोंदी मागता येतात. नकार द्यायचा तर कलम ८ मधलं नेमकं कारण दाखवावं लागतं. 'तपास चालू आहे' एवढं म्हणून भागत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

अर्थात दुसऱ्या कुणी मदतीसाठी फोडलेला टाहो सगळ्यांना ऐकायला मिळावा, असंही नाही. फोन करणाऱ्याची ओळख उघड होऊन जिवाला धोका असेल तर माहिती नाकारता येते, आणि ते योग्यच आहे. पण तेवढा भाग वगळून उरलेला द्यायची तरतूद कलम १० मध्ये आहे.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात. विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र उशीर करू नका, जुनी रेकॉर्डिंग पुसली जाऊ शकतात. अर्जाच्या आधीच 'हे रेकॉर्डिंग जपून ठेवा' असं लेखी पत्र देऊन पोच घ्या.