तंबाखूच्या जुन्या जाहिराती जमवणं: १९९८ च्या कराराची पार्श्वभूमी

इनॅमलच्या पाट्या, पत्र्याचे डबे, सिगारेटच्या पाकिटातून निघणारी चित्रांची कार्डं यांना जुनं म्हणायचं की नाही यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो १९९० च्या दशकातल्या मालावरून, म्हणजे ब्रँडचं नाव छापलेल्या टोप्या, जॅकेटं, लायटर, डफल बॅगा, टॉवेल असलं सगळं. काही कलेक्टर म्हणतात की हे ढिगाने काढलेलं आहे, याला कसली किंमत. काही म्हणतात की हाच शेवटचा अस्सल माल, यानंतर कंपन्यांना असं काही काढताच आलं नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि का ते सांगायचं तर अमेरिकेतली राज्यं आणि सिगारेट कंपन्या यांच्यातल्या १९९८ च्या कराराबद्दल नीट बोलावं लागेल.

आधीचं थोडक्यात. १८८० च्या दशकात सिगारेट मशीनवर बनायला लागली, एक मशीन दहा तासांत लाखाच्या वर सिगारेटी काढायचं, आणि एवढा माल खपवायचा तर जाहिरात हवीच. रंगीत लिथो छपाई तोवर स्वस्त झाली होती, पत्र्यावर ऑफसेटने छापायचं पेटंटही इंग्लंडमध्ये १८७५ ला निघालं होतं, त्यामुळे त्या काळचे डबे आजही इतके देखणे दिसतात. पाकिटं मऊ असायची, आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून जाड कागदाचा तुकडा घालायचे, मग त्यावर चित्रं आली, नट्या, खेळाडू, पक्षी, जहाजं, आणि त्यांना नंबर देऊन सेट केले की लोक राहिलेल्या कार्डांसाठी पुढचं पाकीट घेणारच. म्हणजे जमवायची सवय कंपन्यांनीच लावली, पहिल्यापासून. या गोष्टीला मी फार महत्त्व देतो, पुढे परत येईल. १९०९ ते १९११ च्या सेटमधल्या होनस वॅग्नर या अमेरिकन बेसबॉलपटूच्या कार्डाची गोष्ट कलेक्टरांना पाठ आहे (२०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला गेली), ती परत सांगत नाही.

ब्रिटनमधली कार्डं पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे थांबली, पुन्हा सुरू झाली आणि १९४० ला परत बंद पडली. दुसऱ्या महायुद्धासाठी भंगार गोळा केलं तेव्हा लोखंडी पाट्या आणि डबे बरेच गेले, जे राहिले ते गोदामाच्या भिंतीला किंवा खिळे ठेवायला वापरात होते म्हणून राहिले. याच काळातली अमेरिकन पाकिटं ओळखायला मात्र सोपी आहेत. त्यावर कराचा स्टॅम्प असतो, स्टॅम्पवर सिरीजचा नंबर, त्यात १८३० मिळवायचे, सिरीज १०८ म्हणजे १९३८. १९५५ पर्यंत हे गणित चालतं. त्या स्टॅम्पपायी पाकिटाचं वय कळतं, तरी लोक तो फाटका दिसतो म्हणून काढून टाकतात, कृपा करून असं करू नका.

जुन्या मालातला एक भाग बघवत नाही हेही सांगायला हवं. काळ्या माणसांची आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची विकृत चित्रं कितीतरी डब्यांवर, लेबलांवर आहेत, दुकानाबाहेर उभे करायचे ते लाकडी पुतळेही त्यातलेच. ती फेकू नयेत असं मला वाटतं, पण नुसती शोभेला मांडूही नयेत, मांडायची तर बाजूला दोन ओळींची माहिती लावावी.

आता वळण येतं ते टीव्हीचं. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९६५ पासून टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद, अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून टीव्ही आणि रेडिओ दोन्ही. पैसा होताच, तो मासिकांत, होर्डिंगवर, गाड्यांच्या शर्यतींत, टेनिसमध्ये आणि वस्तूंमध्ये गेला. याच काळात इशारे आले आणि कलेक्टरला त्यांचा फार उपयोग होतो: अमेरिकेत पाकिटावर इशारा १९६६ पासून, छापील जाहिरातीत १९७२ पासून, आणि आलटून पालटून येणारे चार वेगवेगळे इशारे १९८५ पासून. कुणी ‘सत्तरच्या दशकातलं पोस्टर’ म्हणून विकत असेल आणि खाली त्या चारांपैकी एखादा इशारा असेल तर विषय तिथेच संपला.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी आणि १९९० च्या दशकात वस्तूंचा पूर आला. पाकिटावरचे कूपन किंवा पॉइंट कापायचे, साठवायचे, कॅटलॉगमधून वस्तू निवडायची, पोस्टाने मागवायची. कॅमल सिगारेटचा गॉगलवाला कार्टून उंट याच काळातला, आणि १९९१ मध्ये एक अभ्यास छापून आला की सहा वर्षांची मुलं त्या उंटाला एका जगप्रसिद्ध कार्टून उंदराइतकंच ओळखतात, त्यावरून प्रचंड गदारोळ झाला आणि १९९७ ला कंपनीने उंट मागे घेतला. आरोग्यवाल्यांचा मुद्दा खरा होता, ब्रँडची टोपी घालून फिरणारा मुलगा म्हणजे चालतीबोलती जाहिरातच, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मग नोव्हेंबर १९९८ चा करार. अमेरिकेतली ४६ राज्यं एका बाजूला, मोठ्या सिगारेट कंपन्या दुसऱ्या बाजूला. बातम्यांमध्ये पैसाच गाजला, २५ वर्षांत २०० अब्ज डॉलरच्या वर, पण आपल्यासाठी महत्त्वाची कलमं वेगळी आहेत. जाहिरातीत कार्टून बंद, मोठी होर्डिंग एप्रिल १९९९ पर्यंत उतरवायची, आणि १ जुलै १९९९ पासून ब्रँडचं नाव असलेले कपडे आणि वस्तू विकायच्या नाहीत, वाटायच्याही नाहीत.

इथे गोंधळ खूप आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, हा कायदा नव्हता, करार होता, ज्या कंपन्यांनी सही केली त्यांनाच लागू. उरलेल्या चार राज्यांनी त्याआधीच आपापले वेगळे करार केले होते. दुसरी गोष्ट, घरात पडलेलं जुनं जॅकेट दुसऱ्या माणसाला विकायला या कराराने कधीच मनाई केली नाही, तरी ‘हे विकणं बेकायदेशीर आहे’ असं लोक अजून ठासून सांगतात आणि काही विक्रेते तर त्याच भीतीचा फायदा घेऊन ‘बंदी असलेला माल’ म्हणून भाव चढवतात. वस्तूंवर सरकारी नियमाने बंदी आणायचा एक प्रयत्न १९९६ ला झाला होता, तो २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पडला, मग २००९ चा कायदा आला आणि २०१० पासून नियम लागू झाला, पण तोही माल काढणाऱ्यांसाठी, कपाट आवरणाऱ्यांसाठी नाही. आणि तिसरी, करार अमेरिकेपुरता होता. इतर देशांत वस्तू पुढेही निघत राहिल्या, ब्रिटनमध्ये जाहिरातबंदी २००३ पासून टप्प्याटप्प्याने आली. म्हणून एखादा लायटर १९९९ नंतरचा निघाला तर तो लगेच बनावट ठरत नाही, आधी कुठल्या देशासाठी काढला ते बघायचं.

या सगळ्यावरून माझं मत असं की अमेरिकन मालासाठी १ जुलै १९९९ हीच शेवटची तारीख धरावी आणि त्याआधीचं सगळं कलेक्शनमध्ये घ्यावं, प्लास्टिकच्या ॲशट्रेसकट. संख्या जास्त आहे हा आक्षेप टिकत नाही कारण सिगारेट कार्डंही लाखोंनी छापली होती, लोकांनी फेकली म्हणून ती दुर्मिळ झाली. आणि पॉइंट साठवून वस्तू घेणं ही त्या कार्डांच्या सेटचीच पुढची पिढी आहे, पाकिटामागे पाकीट घ्यायला लावायची तीच पद्धत. एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं तर मध्येच गोष्ट तुटते.

कराराने आणखी एक काम केलं ज्याकडे कलेक्टर मंडळी पुरेसं लक्ष देत नाहीत. कंपन्यांना त्यांची अंतर्गत कागदपत्रं वेबसाईटवर उघडी ठेवावी लागली, पुढे ती एका विद्यापीठाच्या लायब्ररीने सांभाळली आणि आजही फुकट शोधता येतात. त्यात प्रमोशनचे प्लॅन आहेत, वस्तूंच्या याद्या आहेत. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ब्रँड आणि वर्ष टाकून तिथे तास दोन तास घालवले तर बरंच कळतं, कारण या मालाच्या नकला भरपूर आहेत आणि जी वस्तू कंपनीने कधी काढलीच नाही तीही जुनी म्हणून खपवली जाते.

ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या साईट्स तंबाखू घेत नाहीत, त्यामुळे सीलबंद पाकिटांचा बाजार आता जत्रा-प्रदर्शनांत आणि ओळखीत चालतो, रिकामी पाकिटं, डबे, पाट्या मात्र सर्रास मिळतात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून पाकिटावरची डिझाईनच काढून टाकली, पुढे इतरही देश त्या वाटेने गेले, तेव्हा तिथलं साधं रोजचं पाकीटही आता ‘आधीचं’ या खात्यात जमा झालंय.

या सगळ्यात सगळ्यात कमी उरलेत ते १९९० च्या दशकातले कॅटलॉग. जॅकेट लोकांनी ठेवलं, कॅटलॉग रद्दीत गेला, आणि कुठली वस्तू कोणत्या वर्षी किती पॉइंटला होती हे एका जागी फक्त त्यातच मिळतं. कुणाकडे असतील तर प्रत्येक पान स्कॅन करा, मागचा ऑर्डर फॉर्मसुद्धा, कारण ऑर्डर पाठवायची शेवटची तारीख बहुतेक वेळा त्यावरच असते.